नाकाची साक्ष आणि गाडीचा आकडा

ह्यूस्टन शहराच्या पूर्वेला मँचेस्टर नावाची जुनी वस्ती आहे. लॅटिनो कष्टकऱ्यांची बैठी घरं, आणि त्यांना खेटून रिफायनरी. ऑगस्ट २०१७ च्या शेवटी हार्वी वादळ येऊन धडकलं, तेव्हा टेक्सासच्या पर्यावरण खात्याने या भागातली हवामापन केंद्रं आधीच बंद करून ठेवली होती. महागडी यंत्रं पाण्यात जाऊ नयेत, एवढाच हेतू. वादळाच्या पावसाने व्हॅलेरो कंपनीच्या रिफायनरीत एका टाकीचं तरंगतं छप्पर बुडालं आणि खालच्या कच्च्या तेलाची वाफ मोकळी सुटली. वस्तीत उग्र वास भरला. कंपनीने सरकारला सुरुवातीला कळवलं, ६.७ पौंड बेंझीन हवेत गेलं. म्हणजे जेमतेम तीन किलो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहराचं आरोग्य खातं आणि एका पर्यावरण संघटनेने यंत्रं बसवलेली एक गाडी मँचेस्टरच्या रस्त्यांवर फिरवली. गाडीतल्या यंत्राने एका ठिकाणी बेंझीनचं प्रमाण ३२४ पीपीबी दाखवलं. पीपीबी म्हणजे हवेच्या अब्ज भागांत एक भाग. टेक्सासने थोड्या वेळासाठी म्हणून ठरवलेली मर्यादा १८० पीपीबीची होती. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, कंपनीचा पहिला आकडा वास्तवापेक्षा फार कमी असल्याचं सांगितलं आणि कंपनीलाही तो कित्येक पटींनी वाढवावा लागला. त्याच दिवसांत नासाने आपलं डीसी-८ हे उडती प्रयोगशाळा असलेलं विमान ह्यूस्टनवरून न्यायची तयारी दाखवली होती. राज्य आणि केंद्र, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी नको म्हटलं. ही गोष्ट बाहेर यायला दीड वर्ष लागलं.

विषारी हवा मोजणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळांबद्दल गेल्या दहा वर्षांत जे काही हाती आलं आहे, त्याचा सगळा पेच या एका प्रसंगात दिसतो. लोकांच्या नाकाला आधी कळतं. कागदावरचा आकडा वेगळंच सांगतो. गाडी येते आणि नाकाच्या बाजूने साक्ष देते. मग प्रश्न उरतो, ही साक्ष कोण मान्य करतं?

कागदावरचे आकडे येतात कुठून, हे आधी पाहू, कारण त्याची एक मुळी आपल्याकडची आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. त्याच कंपनीचा, तेच रसायन बनवणारा कारखाना वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट या गावी होता, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये तिथेही वायुगळती झाली. घाबरलेल्या अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये एक कायदा केला. आपल्या शेजारच्या कारखान्यात कोणती रसायनं आहेत आणि त्यातली किती बाहेर जातात, हे जाणून घ्यायचा हक्क त्याने रहिवाशांना दिला. त्यातूनच विषारी उत्सर्जनाची देशव्यापी नोंदवही तयार झाली. कुणीही ती उघडून आपल्या गावातला कारखाना शोधू शकतो. भोपाळमधल्या मरणांनी अमेरिकेतल्या माणसाला हा हक्क मिळवून दिला. भोपाळच्या माणसाला तो आजही नाही. भारतात अशी सार्वजनिक नोंदवही नाही. मला ही गोष्ट प्रत्येक वेळी नव्याने लागते.

पण अमेरिकेतल्या त्या नोंदवहीतही एक मोठी फट आहे. त्यातले आकडे कंपन्या स्वतः भरतात आणि त्यातले बरेचसे मोजलेले नसतात, काढलेले असतात. इतके व्हॉल्व्ह, इतक्या टाक्या, प्रत्येकातून सरासरी इतकी गळती, असा गुणाकार. गंजलेला सांधा, अर्धवट जळणारी ज्योत, रात्री बोटीत माल भरताना सुटणारी वाफ या हिशेबात नीट बसत नाही. हेच आकडे पुढे संगणकी प्रारूपात जातात, तिथून कर्करोगाच्या जोखमीचे नकाशे निघतात आणि त्या नकाशांवर धोरण ठरतं. म्हणजे पाया अंदाजाचा आणि वर मजले चढत गेलेले.

मग प्रत्यक्ष मोजमाप कुठे होतं? सरकारी केंद्रांत. पण केंद्रं मोजकी असतात आणि ती मुद्दाम अशा जागी बसवतात, की शहराची सर्वसाधारण हवा कळावी. तीही मुख्यतः धूलिकण, ओझोन, गंधक आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यासाठी. बेंझीनसारखी विषारी सेंद्रिय रसायनं मोजायची जुनी पद्धत म्हणजे आतली हवा काढून घेतलेला स्टीलचा डबा. तो चोवीस तास हळूहळू हवा ओढून घेतो आणि मग प्रयोगशाळेत जातो. अनेक ठिकाणी हा डबा सहा दिवसांतून एकदा लावतात. मंगळवारी रात्री दोन वाजता वीस मिनिटं काही सुटलं, तर डब्याचा दिवस तो नसेल तेव्हा त्याची नोंदच होत नाही. तो दिवस असला तरी वीस मिनिटांचा तो झोत चोवीस तासांत विरघळून जातो.

गाडी या दोन्ही अडचणींवर तोडगा म्हणून आली. कल्पना नवी नाही. ईपीएची बसएवढी एक फिरती प्रयोगशाळा कित्येक दशकं अपघातांच्या ठिकाणी धावते आहे. नवं आहे ते यंत्रांचं लहान, चपळ आणि बारीक होणं, आणि गाडी अपघातानंतर नेण्याऐवजी रोजच्या हवेत फिरवणं.

रोजच्या हवेचा पहिला मोठा दाखला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. रस्त्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या गूगलच्या दोन गाड्यांवर हवेची यंत्रं चढवली आणि मे २०१५ पासून वर्षभर त्या त्याच त्याच गल्ल्यांतून पुन्हा पुन्हा नेल्या. जोशुआ आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. दर तीस मीटरला एक आकडा, असा नकाशा तयार झाला. डिझेलच्या काजळीचं आणि नायट्रोजन ऑक्साइडांचं प्रमाण एकाच गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच ते आठ पटींनी बदलत होतं. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या वाटेवरचं घर आणि त्याच्या मागच्या आळीतलं घर, दोघांच्या नावावर सरकारी केंद्राचा आकडा मात्र एकच. त्या अभ्यासातून आणखी एक कामाची गोष्ट कळली. एखाद्या रस्त्याची दीर्घकालीन स्थिती समजायला गाडी वर्षभर तिथे उभी करावी लागत नाही. वेगवेगळ्या दिवशी दहा ते वीस फेऱ्या मारल्या, तरी बऱ्यापैकी भरवशाचं चित्र उभं राहतं. याच आपट्यांनी त्याआधी, २०१० मध्ये, दिल्लीच्या रिक्षांत यंत्रं ठेवून प्रवाशाच्या श्वासात काय जातं ते मोजलं होतं. पुढे बंगळुरूतही अशाच गाडीने रस्ते पालथे घातले गेले.

काजळी मोजणं मात्र तुलनेने सोपं. खरी परीक्षा विषारी वायूंची.

अशा गाडीच्या पोटात डोकावलं तर दिसतो तो नळ्यांचा, पंपांचा आणि पडद्यांचा पसारा. टपावर किंवा समोरच्या बाजूला हवा ओढणारी नळी, वाऱ्याची दिशा आणि वेग सांगणारं यंत्र, जागेची नोंद करणारं जीपीएस. नळी अशी बसवतात की गाडीचा स्वतःचा धूर आत येऊ नये. आत मुख्य यंत्रं दोन घराण्यांची. पहिलं वजनावरून ओळखणारं. हवेतल्या रेणूला एक प्रोटॉन चिकटवायचा आणि विद्युतभारित झालेल्या त्या रेणूचं वस्तुमान मोजायचं, ही पद्धत ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात १९९० च्या दशकात आकाराला आली. बेंझीन, टोल्युइन यांसारखी डझनावारी रसायनं ती दर सेकंदाला सांगू शकते. दुसरं घराणं प्रकाशावरून ओळखणारं. ठरावीक रंगाचा अवरक्त लेझर दोन आरशांमध्ये इतक्या वेळा मागेपुढे फिरवतात की टेबलावर मावणाऱ्या पेटीत प्रकाश किलोमीटरचं अंतर कापतो. हव्या त्या वायूचा रेणू वाटेत असेल, तर तो आपल्या वाट्याचा प्रकाश गिळतो आणि पकडला जातो.

दोन घराणी का लागतात, याचं उत्तर इथिलीन ऑक्साइड या एका वायूत सापडतं. हा बिनरंगी वायू अँटिफ्रीझपासून डिटर्जंटपर्यंत अनेक गोष्टींच्या कच्च्या मालात लागतो. अमेरिकेतली जवळपास निम्मी वैद्यकीय उपकरणं त्याच्याच वाफेत निर्जंतुक होतात. त्याचा रेणू दोन कार्बन, चार हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन यांचा. आता ॲसिटाल्डिहाइड घ्या. ते गाडीच्या धुरातही असतं आणि पिकलेल्या फळांतही. त्याचाही रेणू दोन कार्बन, चार हायड्रोजन, एक ऑक्सिजन. वजन तंतोतंत सारखं, फक्त जोडणी निराळी. वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रापुढे हे दोघे जुळे भाऊ उभे राहतात. प्रकाशाला मात्र जोडणीतला फरक दिसतो. स्टीलच्या डब्यांचीही इथे पंचाईत झाली, कारण काही डब्यांत साठवणुकीच्या काळातच थोडं इथिलीन ऑक्साइड तयार होतं आणि आकडा फुगतो.

त्याहून बिकट म्हणजे, नाकही इथे हात टेकतं. इथिलीन ऑक्साइडचा वास माणसाला यायला हवेत ते दहा लाख भागांत काहीशे भाग असावं लागतं. आणि धोका? ईपीएने २०१६ मध्ये जुना अभ्यास नव्याने तपासून हा वायू आधी वाटला होता त्यापेक्षा प्रौढांसाठी तीसपट घातक असल्याचं जाहीर केलं. जन्मभर श्वासात गेला तर दहा हजारांत एका माणसाला जादा कर्करोग, ही जोखीम येते सुमारे ११ पीपीटीला. पीपीटी म्हणजे लाख कोटी भागांत एक. वास येण्याची पातळी आणि काळजीची पातळी यांच्यामध्ये कोट्यवधी पटींचं अंतर आहे. इलिनॉयमधल्या विलोब्रूकच्या रहिवाशांना आपल्या शेजारच्या निर्जंतुकीकरण केंद्रातून काय येतं हे २०१८ पर्यंत माहीतच नव्हतं. कळल्यावर काही महिन्यांत राज्याने ते केंद्र मोहोरबंद केलं आणि पुढे ते कायमचं बंद पडलं. त्या लोकांनी तक्रार केली नव्हती, कारण तक्रार करण्यासारखं त्यांना काही जाणवतच नव्हतं. वासाची दखल घेतली जात नाही हा एक अन्याय, आणि ज्याला वासच नाही त्याची चाहूलही लागत नाही हा दुसरा. गाडीची गरज या दुसऱ्यासाठी अधिक.

लुइझियानात मिसिसिपी नदीच्या काठाने बॅटन रूजपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत सुमारे १३७ किलोमीटरचा पट्टा आहे. उसाच्या मळ्यांच्या जागी एकामागून एक पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले, आज दीडशेच्या वर. मळ्यांवर राबलेल्या गुलामांच्या वंशजांची गावं याच कारखान्यांच्या मधे मधे आहेत. तिथले लोक या पट्ट्याला कर्करोगाची गल्ली म्हणतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पीटर डीकार्लो आणि एलिस रॉबिन्सन यांच्या चमूने तिथे दोन फिरत्या प्रयोगशाळा महिनाभर चालवल्या. मुख्य शिकार इथिलीन ऑक्साइड.

जून २०२४ मध्ये आलेले निष्कर्ष वाचताना मी काही ओळींवर थांबून राहिलो. मोजलेल्या भागाची सरासरी निघाली सुमारे ३१ पीपीटी. म्हणजे काळजीच्या पातळीच्या जवळजवळ तिप्पट, आणि ईपीएच्या प्रारूपाने सांगितलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. काही कारखान्यांच्या वाऱ्याखाली झोताचा कळस ४० पीपीबीपर्यंत गेला. पीपीटीत सांगायचं तर चाळीस हजार. आणि हे झोत कुंपणाशी संपत नव्हते. अकरा किलोमीटर दूरही ते ओळखता येत होते. अकरा किलोमीटर म्हणजे दादरपासून चेंबूरच्याही पुढे. कुंपणालगतच्या चार घरांचा प्रश्न म्हणून जो विषय बाजूला सारला जातो, तो अख्ख्या तालुक्याचा निघाला.

यावर उद्योगांच्या बाजूने जे आक्षेप आले, ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. गाडी एखाद्या ठिकाणाहून काही सेकंदांत पुढे जाते, तर ११ पीपीटी हा आकडा सत्तर वर्षांच्या श्वासांसाठी आहे. दोघांची थेट तुलना करणं म्हणजे एका दिवसाच्या पावसावरून वर्षाचं पर्जन्यमान सांगणं. शिवाय गाडी रस्त्यावरच चालते. परसात, शेतात, नदीपात्रावर तिला जाता येत नाही. हे खरं आहे. यावर उत्तरंही आहेत आणि ती कष्टाची आहेत. तोच रस्ता वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाऱ्यात पुन्हा पुन्हा कापायचा. रात्री जायचं. रात्री वारा पडतो, हवेचा थर जमिनीलगत दबतो आणि जे सुटतं ते वर न जाता वस्तीत पसरतं. गाडीने दाखवलेल्या जागी महिने-वर्षं उभं राहणारं यंत्र बसवायचं. गाडीच्या एका फेरीवरून गावाचा कर्करोग मोजू नये, हे मला मान्य आहे. पण प्रारूपात शून्याच्या आसपास दाखवलेल्या जागी ४० पीपीबीचा झोत सापडला, तर तो क्षणभराचा असला तरी अंदाजातच चूक आहे एवढं तो निश्चित सिद्ध करतो. कारखान्याचं उत्सर्जन दाखवलं त्यापेक्षा जास्त आहे, हे कळायला सत्तर वर्षं थांबायची गरज नाही.

आणि धोक्याची पातळी ही निव्वळ विज्ञानाची बाब राहत नाही. इथिलीन ऑक्साइडसाठी टेक्सासने २०२० मध्ये आपली स्वतंत्र पातळी ठरवली, २.४ पीपीबी. ईपीएच्या ११ पीपीटीच्या दोनशेपट. माणसाचं शरीर तेच, राज्याची सीमा ओलांडली की काळजीची पातळी दोनशेपट वर जाते. ईपीएने टेक्सासचा आकडा नाकारला आणि २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ईपीएची बाजू उचलून धरली.

इथून पुढची हकीकत कायद्याची आहे, आणि ती एका दिशेने जात नाही. एप्रिल २०२४ मध्ये ईपीएने दोनशेवर रसायन कारखान्यांसाठी नियम आणला. इथिलीन ऑक्साइड, क्लोरोप्रीन, बेंझीन, ब्युटाडायीन, व्हिनाइल क्लोराइड, इथिलीन डायक्लोराइड ही सहा रसायनं कारखान्याने आपल्या कुंपणावर नियमितपणे मोजायची आणि आकडे खुले करायचे. पुढच्याच महिन्यात लुइझियानाने उलट कायदा केला. एखादा कारखाना नियम मोडतो असा आरोप करायचा असेल, तर मोजमाप ईपीएमान्य पद्धतीनेच झालं पाहिजे. नाहीतर दिवसाला ३२,५०० डॉलरपर्यंत दंड. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच ईपीएने ३७ राज्यांतल्या १३२ वस्ती-मोजणी प्रकल्पांना पाच कोटी डॉलरहून अधिक निधी जाहीर केला होता. त्या पैशातून घेतलेली साधी यंत्रं वापरून लोकांनी आपलेच आकडे सांगितले, तर दंड बसण्याची भीती. मे २०२५ मध्ये लुइझियानातल्या काही संघटना या कायद्याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात गेल्या. जुलै २०२५ मध्ये अध्यक्षांच्या घोषणेने अनेक रसायन कारखान्यांना २०२४ च्या नियमातून दोन वर्षांची सूट मिळाली.

याच पट्ट्यातल्या लाप्लास गावाची कथा हे सगळं एका जागी दाखवते. ड्यूपाँने तिथे १९६९ पासून निओप्रीन रबर बनवलं. २०१५ मध्ये कारखाना टोकियोच्या डेंका कंपनीकडे गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस ईपीएच्या नकाशात इथली कर्करोगाची जोखीम देशात सर्वांत वरच्या पायरीवर दिसली. कारण या रबरासाठी लागणारं क्लोरोप्रीन. ईपीएने घनमीटरला ०.२ मायक्रोग्रॅम हे जन्मभरासाठीचं सुरक्षित प्रमाण सुचवलं आणि २०१६ पासून वस्तीत डबे लावले. प्रमाण त्याच्या कित्येक पट निघत राहिलं. शाळकरी मुलं कारखान्यालगतच्या शाळेत जात राहिली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने कंपनीवर खटला भरला, मार्च २०२५ मध्ये नव्या सरकारने तो मागे घेतला. आणि मे २०२५ मध्ये कंपनीने खर्च परवडत नसल्याचं सांगून उत्पादन थांबवलं. मोजमापाने हा कारखाना बंद केला असं म्हणता येणार नाही. पण प्रदूषण आवरायचा खर्च ज्या नियमांमुळे अंगावर आला, ते नियम वर्षानुवर्षांच्या त्या आकड्यांशिवाय उभे राहिले नसते, असं मला वाटतं.

गाड्यांच्या आधी बादल्या होत्या, हेही नोंदवायला हवं. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रोडिओ गावी रिफायनरीशी लढताना वकील एड मॅस्री यांच्या पुढाकाराने प्लास्टिकच्या बादलीत खास पिशवी बसवून हवा पकडायची स्वस्त युक्ती निघाली. लुइझियानात नॉर्को गावच्या मार्जी रिचर्ड यांनी त्या बादल्यांचे आकडे शेल कंपनीसमोर ठेवून अख्ख्या डायमंड वस्तीचं पुनर्वसन करून घेतलं. त्यांना २००४ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तमिळनाडूत कडलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या गावकऱ्यांनी बादलीने हवा पकडली आणि त्यात बावीस रसायनं सापडली. ओरेगनमधल्या पोर्टलंडची तऱ्हा आणखी निराळी. तिथे वन खात्याच्या संशोधकांनी झाडांच्या खोडांवरचं शेवाळ खरवडून ३४६ नमुने तपासले आणि रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्याभोवती कॅडमियमचा ठिपका नकाशावर उमटला. सरकारी केंद्राला जे दिसलं नव्हतं, ते शेवाळाने वर्षानुवर्षं साठवून ठेवलं होतं.

आता आपल्याकडे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माहुल आणि अंबापाडा हे जुने कोळीवाडे. १९५० च्या दशकात तिथे दोन रिफायनऱ्या आल्या, मग खतकारखाना, वीजकेंद्र आणि पुढे रसायनं साठवणाऱ्या टाक्यांची रांग. केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत असल्याचं सांगितलं. डोळे चुरचुरणं आणि घुसमटणं सांगणारे त्याहून जास्त. रहिवासी २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठापुढे गेले. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई भरायला सांगितली. त्यातला सर्वांत मोठा वाटा, १४२ कोटींचा, रिफायनरीचा नव्हता. तो एजिस या साठवणूक कंपनीचा होता. टाक्या आणि माल चढवण्या-उतरवण्याची जागा. मँचेस्टरमध्येही वाफ सुटली होती ती टाकीतूनच.

दरम्यान तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून हजारो कुटुंबांना याच माहुलमध्ये, ७२ इमारतींच्या वसाहतीत पाठवलं गेलं. हवा राहण्याजोगी नाही असं लोक ओरडून सांगत होते. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे जाण्याची सक्ती नको म्हणत त्यांना महिना पंधरा हजार रुपये भाडं द्यायला सांगितलं. सगळ्या लढ्यात लोकांच्या हाती होतं ते मुख्यतः आपलं नाक, आपला खोकला आणि एका सार्वजनिक रुग्णालयाने केलेली पाहणी. गल्लीगल्लीचा, तासातासाचा हवेचा आकडा त्यांच्याजवळ नव्हता.

आपल्या व्यवस्थेत तो येणारही कुठून? २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषकं आहेत. बेंझीन त्यात आहे, वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम. पण रोज सकाळी मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक आठच प्रदूषकांवर चालतो आणि त्यात बेंझीन नाही. इथिलीन ऑक्साइड, ब्युटाडायीन यांना सभोवतालच्या हवेसाठी मानकच नाही. त्यामुळे माहुलमध्ये निर्देशांक ‘समाधानकारक’ दाखवत असताना माणूस घुसमटत असेल, तर दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं. निर्देशांकाला तो वायू मोजायचाच नसतो. दिल्लीत जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी कानपूरच्या मदतीने एक फिरती प्रयोगशाळा सुरू झाली, पण तिचा रोख धूलिकणांचे स्रोत शोधण्यावर होता, आणि तेही काम त्याच वर्षी पैशांच्या वादात अडकलं. आपल्याकडच्या फिरत्या व्हॅन अनेकदा एका जागी नेऊन उभ्या करतात. चाकं असलेलं केंद्र, एवढाच तिचा अर्थ होतो. ती लोकांनी फोन केल्यावर, रात्री, वाऱ्याखाली, विषारी सेंद्रिय वायू सेकंदासेकंदाला मोजत धावली पाहिजे, आणि तिचे कच्चे आकडे त्याच आठवड्यात वस्तीच्या हाती पडले पाहिजेत. कॅलिफोर्नियाने अशा गाड्यांनी ६४ वस्त्यांची हवा मोजण्याचं काम २०२५ मध्ये राज्याच्या खर्चाने सुरू केलं. २०१७ चा तिथला कायदा वस्तीची हवा वस्तीपुरती मोजायला सरकारला भाग पाडतो. डोंबिवली, तारापूर, तळोजा, लोटे इथल्या माणसांना रात्री खिडक्या का लावून घ्याव्या लागतात, हे सांगणारा आकडा अशाच गाडीतून निघू शकतो.

माहुल गावातले रस्ते फार लांब नाहीत. ओकलंडच्या हिशेबाने त्यांच्यावरून वेगवेगळ्या वेळी वीस फेऱ्या मारायला एका गाडीला महिनाही लागू नये. २०१४ मध्ये दाखल झालेल्या तिथल्या रहिवाशांच्या अर्जावर भरपाईचा आदेश यायला सहा वर्षं लागली.